सावंतांची गिरणी आणि आजी

जुन्या कॉम्प्युटरचं दुकान काढलं की दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगार निदान वजनावर जातं! किस्से पडूनच राहतात, म्हणून आमच्या सावंतांचे तरी इथे मोकळे करतो.

घाटकोपरच्या माझ्या दुकानात सावंत कामाला आले, ते मूळचे कणकवलीचे. मी स्क्रू उघडून उघडून शिकलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शेट, आपण सोर्सवाली लिनक्स टाकू. बाजारचं तयार पीठ नको, गहू आणून आपणच दळू." म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड आणायचा आणि आपल्या मशीनवर बांधून घ्यायचा. जुनी मशीनं पळायला लागली, झकास!

पण तिसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अहो, एक ब्राउझर टाकायला सांगितलं, तर मशीन कालपासून नुसतं घरघरतंय!"

सावंत म्हणाले, "चुकलंच. घरोघरी जातं कशाला? गिरणी एक, पीठ सगळ्यांना." दुकानातल्या सगळ्यात दणकट मशीनवर ते एकदाच दळायला लागले. तयार पॅकेज बांधायचं आणि सगळीकडे तेच टाकायचं.

*

तरी एकदा वाट लागलीच. अंधेरीच्या एका ऑफिसात दहा मशीनं दिली, एकावरही प्रोग्रॅम उघडेना! सावंतांनी गिरणीच्या नव्या प्रोसेसरचं माप धरून दळलं होतं, ते जुन्या प्रोसेसरना झेपेना. सावंत सरळ त्या साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, पैलवानाच्या मापाचा सदरा शिवला नि काडीपैलवानाला घातला. चूक माझी."

आमच्या लाईनीत असं बोलणारा मी दुसरा पाहिला नाही.

परत आल्यावर त्यांनी माळ्यावरचं सगळ्यात जुनं मशीन काढून गिरणीशेजारी मांडलं. नाव ठेवलं आजी. "आजयेक पचला, तरच भायर जातला!" म्हणजे नवं पॅकेज आधी आजीवर चाललं, तरच गिऱ्हाईकाकडे जाणार.

*

एकदा गिऱ्हाईक दारात उभं. मी म्हटलं, "सावंत, आजचा दिवस आजीला दाखवायचं राहू द्या ना."

"शेट, दुकान तुमचं. आजी माझी."

गिऱ्हाईकाला चहा पाजला.

*

अंधेरीच्या स्टुडिओतून एक जण सेटवर ठेवायला जुना कॉम्प्युटर मागायला आला. त्याचं बोट नेमकं आजीवर! सावंत तयार झाले, पण सोबत स्वतः गेले. भर शूटिंगमध्ये ओरडले, "तो लाईट जरा मागे घ्या रे, तिला गरम होतंय!"

*

आता गोवंडीची गोष्ट. तिथल्या मुलींच्या अभ्यासिकेत बारा मशीनं आमची. चालवणाऱ्या शबाना मॅडमचा सकाळी फोन आला, "शेठजी, एकाही मशीनवर ब्राउझर उघडत नाही. मुलींच्या परीक्षेच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे!"

आदल्या दिवशी सावंत रजेवर होते. गिरणीतलं ताजं ब्राउझर मीच गोवंडीला पाठवलं होतं, आजीला न दाखवता. शिवाय गिरणीत जागा हवी म्हणून जुनी पॅकेजेस पुसून टाकली होती. जुनं पीठ कोण ठेवतं!

सावंतांसमोर सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "आता नव्याने दळायला संध्याकाळ होईल."

मग उठले आणि आजी चालू केली. तिच्यात जुनं ब्राउझर बसलेलं होतं, ठणठणीत. बसलेल्या प्रोग्रॅमचंच त्यांनी परत पॅकेज बांधलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि रिक्षा पकडली.

दुपारी मॅडमचा फोन आला, "सगळ्या मुलींचे फॉर्म गेले."

सावंत परतले. मी म्हटलं, "सावंत, नियम मोडला माझ्याकडून. माफ करा."

"मोडलात म्हणून तर वाचलो शेट! नवं ब्राउझर आजीला दिलं असतंत, तर तिच्यात जुनं राहिलं असतं काय?"

मी म्हटलं, "उद्यापासून आजीला माझ्या टेबलाजवळ ठेवा."

सावंत आजीवरची धूळ पुसत म्हणाले, "तिला कशाला हलवायची? टेबल हिकडे आणा."