आवाज काढून दाखवा!

गॅरेजमध्ये दोन गोष्टी कोणी फेकत नाही: जुने नटबोल्ट आणि गिऱ्हाइकांचे किस्से. नटबोल्ट डब्यात पडून राहतात, किस्से चहाच्या वेळी बाहेर येतात. मी जोगेश्वरीच्या आमच्या गॅरेजात काउंटरला बसते. गाडीतलं मला शून्य कळतं, पण किस्से सगळे माझ्याकडे!

आमचे मालक दिनूभाऊ मूळचे मालवणकडचे. क्लच आणि गिअरबॉक्स ही त्यांची खासियत. आणि नियम एकच. गाडी आवाज करते म्हणून आलात? मग आधी तो आवाज तोंडाने काढून दाखवायचा. त्याशिवाय बोनेट उघडणार नाही!

*

एक बँकेतले साहेब आले. टाय वगैरे लावून. "गिअरबॉक्समधून नॉइज येतोय," म्हणाले.

"काढून दाखवा," भाऊ म्हणाले.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला. "घर्रर्र."

"हा न्यूट्रलला. आणि क्लच दाबल्यावर?"

साहेब गप्प. भाऊ वाट बघतायत, साहेब गप्पच.

"अहो, काढा ना!"

"काढतोय की! क्लच दाबल्यावर बंदच होतो तो!"

भाऊ खूश. "गिअरबॉक्सचं बेअरिंग. गाडी ठेवून जा."

जाताना साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, इथे सारखी शिट्टी कसली वाजतेय?"

"कॉम्प्रेसर आहे. पाइपातून हवा लीक होते," मी म्हटलं. "आणि जरा हळू बोला."

*

दिंडोशीच्या एक काकू नवी कोरी गाडी घेऊन आल्या. "रिव्हर्स टाकला की रडते हो. ऊंऽऽऽ!" काय सूर लावला होता! आमचा फिटर संतोष गाडीखालून बाहेर आला.

"काकू, रिव्हर्सला सगळ्याच गाड्या थोड्या रडतात. त्या गिअरचे दात सरळ असतात ना, म्हणून," भाऊंनी समजावलं.

काकूंना काही ते पटलं नाही. दोन दिवसांनी शेजारणीला तिच्या गाडीसकट घेऊन हजर! तिला आमच्या दारात रिव्हर्स टाकायला लावला. ऊंऽऽऽ!

"हिचीपण रडते!" काकू ओरडल्या. त्यांना इतका आनंद झाला की शेजारणीचा चेहरा बघवत नव्हता.

*

मुलुंडचं एक जोडपं. क्लच दर वर्षी जळतो. नवऱ्याने एक आवाज काढला, बायकोने भलताच. दोघांत तिथेच जुंपली.

भाऊंनी नवऱ्याला विचारलं, "गाडी चालवताना डावा पाय क्लचवर ठेवून बसता काय?"

"छे! अजिबात नाही."

"काय नाही?" बायको म्हणाली. "झोपेतसुद्धा दाबतो हा. माझी पोटरी बघा!"

*

बोरीवलीची एक गाडी आली. क्लच सोडला की गड गड गड, धाड! भाऊंनी ट्रायल घेतली, गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. संतोषने उतरवला. आत काहीच नाही. मग गाडीच्या मालकाने सहज डिकी उघडली. स्टेपनीखाली वरवंटा! त्याची आई गणपतीला गावी गेली होती, तिने तिथून आणला आणि विसरली. "मिक्सरला ती चव नाही रे!" म्हणे.

आम्ही पोट धरून हसलो. भाऊपण हसले, पण दुपारी जेवले नाहीत. पूर्वी गाडी गेटातून आत येतानाच त्यांनी सांगितलं असतं, आवाज डिकीतला आहे म्हणून.

भाऊंचे कान जात चालले होते. बोरीवलीच्या डॉक्टरबाईंनी कानाचं मशीन दिलं होतं, ते माझ्या ड्रॉवरमध्ये पडून. "मशीन लावलेला मेकॅनिक बघून गाडी कोण देईल, गो?" असं त्यांचं म्हणणं. न लावता चुका झाल्या तरी गाड्या दुसरीकडे जाणारच होत्या. आणि भाऊ बसले की गॅरेज बसलं, आम्ही सगळे घरी.

कॉम्प्रेसर त्यांच्या पाठीमागेच शिट्टी मारत होता. आम्ही कोणी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार, एवढी शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून? मला फार वाईट वाटायचं.

*

आणि एक दिवस डॉक्टरबाईच गाडी घेऊन आल्या.

"काढून दाखवा," भाऊ म्हणाले.

"क्लच दाबला की चींऽऽऽ!" बाईंनी न लाजता काढला.

भाऊ गाडीत बसले, क्लच दाबला, सोडला, परत दाबला. बाहेर आले. "परत काढा."

"चींऽऽऽ!"

परत आत. परत बाहेर. तोंड उतरलेलं. संतोष हातातला पाना पुसत बसला.

"भाऊ, मी माझं काम केलं," बाई म्हणाल्या. "आता तुमचं तुम्ही करा. मशीन कुठाय?"

भाऊ काही बोलायच्या आत मी ड्रॉवर उघडला!

कडू काढा घ्यावा तसं तोंड करून भाऊंनी ते कानात घातलं. बाईंनी क्लच दाबला.

"बस!" भाऊंनी हात वर केला. "रिलीज बेअरिंग. क्लचसोबतच बदलूया."

संतोषने "झकास!" म्हणून पाना टाकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग भाऊ हळूच मागे वळले. गॅरेजभर बघितलं. "ह्या काय वाजताहा?"

संतोष गाडीखाली गेला. भाऊ सरळ माझ्या काउंटरवर आले. "काय गो, कसलो आवाज तो?"

माझी तर वाट लागली. तोंडात आलं ते बोलले.

"कुठला आवाज, भाऊ? काढून दाखवा."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. गाडीखालून दिसणाऱ्या संतोषच्या पायांकडे बघितलं. मग ओठांचा चंबू केला.

"सीऽऽऽऽऽ!"