हातांना मुंग्या आणणारी गाडी

फोन आला तेव्हा माझ्यापुढं एका स्कूटरचं इंजिन उघडून पडलं होतं आणि दोन्ही हात ऑइलनं माखले होते. कसाबसा कोपरानं फोन उचलला. पलीकडं वरकुट्याहून संजय, दिनकरआबांचा थोरला मुलगा. "आबा गेले," एवढंच म्हणाला. त्यावर माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला त्याची अजून लाज वाटते. "गाडीवर हुते का?" संजय म्हणाला, "न्हाय रं. सकाळचा चहा घेतला, कॉटवर आडवे झाले, ते झालेच..." आणि मला हायसं वाटलं. बापासारखा माणूस गेल्याचं ऐकून हायसं वाटावं, असा करंटा मी एकटाच असेन. त्यामागचं कारण सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसलोय. एरवी बारामतीत गॅरेज चालवणाऱ्या माझ्यासारख्याचा आणि पेनाचा संबंध बिलाच्या पाठीमागं सुट्या भागांची यादी लिहिण्यापुरताच.

आबांचं आमच्याशी नातं काही नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी गॅरेज नवीन असताना एका गुरुवारी ते बाजाराला आले आणि गाडी दाखवायला माझ्याकडं थांबले. तेव्हापासून गुरुवार आणि आबा हे समीकरणच झालं. वरकुट्यात त्यांची भाजी आणि डाळिंब. बागेचं बघून झालं की सगळा जीव त्या गाडीत. एका सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची, बैलासारखी दणकट. साठपर्यंत गुणी बाळ. सत्तरच्या पुढं गेली की हँडल थरथरायला लागायचं, फुटरेस्टमधून झिणझिण्या पार गुडघ्यापर्यंत चढायच्या. मी एकदा ती भिगवणपर्यंत चालवली तर उतरल्यावर चहाचा कप धरवेना. आबांना त्याचं काहीच नव्हतं. ते म्हणायचे, पायाला मुंग्या आल्या की गिअर टाकायचा, हाताला आल्या की हळू व्हायचं, मीटर बघतोय कोण? गॅरेजात कुणाची गाडी चालू असली की टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि सांगायचे, टॅपेट वाजतंय, चेन ढिली हाय. दहापैकी नऊ वेळा खरं निघायचं. बाकीची गिऱ्हाइकं हसायची, म्हातारा नाडी बघतोय म्हणायची. मलाही ती आबांची एक ऐटच वाटायची.

आबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी ठरवलं, आता म्हाताऱ्याच्या हाडांना आराम द्यायचा. त्यांना न विचारताच सामान मागवलं. हँडलखाली थरथर शोषणारं रबरी बुशिंग, हँडलच्या दोन्ही टोकांना वजनं, फुटरेस्टला जाड रबर आणि सीटवर मऊ गादी. सगळं सामान एका खोक्यात आलं होतं. काढलेले जुने भाग मी त्याच खोक्यात घालून त्यांच्या हातात दिले. गाडी चालवून बघितली तर काय सांगू, पाण्यावरून होडी जावी तशी. हँडलवर हात आहे की उशीवर, कळत नव्हतं. आबांनी एक चक्कर मारली, उतरले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झ्याक केलीस की." मी दिवसभर हवेत होतो.

पुढच्या गुरुवारी ते एसटीनं आले. गुडघा दुखतोय म्हणाले. गाडी कशी आहे विचारलं तर म्हणाले, "लोण्यावानी चालतीया." त्यानंतर पंधरा दिवसांतच भिगवणच्या पुढं, धरणाच्या पाण्याकडेच्या कच्च्या रस्त्यावर आबा गाडीसकट पडले. खांद्यापाशी हाड मोडलं.

दवाखान्यात गेलो तर तिथं दुसरंच कळलं. डॉक्टर त्यांच्याशी मोठ्यानं, तोंड समोर धरून बोलत होते. संजय म्हणाला, पाच-सहा वर्षं झाली, दोन्ही कान जवळजवळ गेलेत. मशीन लावायला तयार नाहीत. मी थक्कच झालो. गॅरेजात इंजिनं चालू असतात, सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं आबांचं बहिरेपण आमच्याकडं बिनबोभाट खपून गेलं होतं. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. टाकीवरचा तो तळहात. पायाला आलेल्या मुंग्यांवर टाकलेला गिअर. हा माणूस गाडी हातापायांनी ऐकत होता, आणि मी हौसेहौसेनं रबरं बसवून त्याचे तेवढे कानही बंद करून टाकले होते. पडायला आणखी काय लागतं? कसे पडलात विचारलं तर आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "घसरली गाडी." माझ्या मनानं घेतलं, मला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीत.

त्यानंतर मुलांनी त्यांना गाडी चालवू दिली नाही. संजय सांगायचा, आबा रोज सकाळी ती मधल्या स्टँडवर लावून चालू करतात आणि पाच मिनिटं नुसते बसतात, हँडल धरून. वर्षभरात मी वरकुट्याला फक्त दोनदा गेलो, तेही घाईनं. गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली असायची, तिकडं बघायची माझी छाती झाली नाही. कामाचा लोड आहे म्हणायचो. खरं कारण एकच होतं, माझ्यामुळं आबा पडले. रस्त्यावर ते पुन्हा कधी गेले तर पुन्हा पडतील आणि तेही पाप माझ्याच माथी, ही धास्ती वर्षभर मानेवर बसून होती. म्हणून तो पहिला प्रश्न.

तेराव्यानंतर शांताकाकींनी, म्हणजे आबांच्या पत्नीनं, मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, गाडी तू घेऊन जा, त्यांनीच सांगून ठेवलंय. मी नको म्हणालो. मग राहवलं नाही, वर्षभराचं सगळं भडाभडा बोलून टाकलं... रबरं, कान, पडणं, सगळं. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं, आत गेल्या आणि एक खोकं आणून माझ्यापुढं ठेवलं. माझंच खोकं. आत बुशिंग, वजनं, रबरं आणि घडी घातलेली गादी, सगळं पुसून, धोतराच्या फडक्यात बांधलेलं.

"तू बसवलंस ना, त्याच दिवशी सांजच्याला पाना घिऊन बसले. म्हणले, गाडी मुकी झाली."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"पोरानं हौसेनं केलंय, त्याला कसं सांगायचं म्हणले. बाजाराला एसटीनं गेले, तुला दिसू नये म्हणून."

मी खोक्याकडं बघत राहिलो. म्हणजे पडले तेव्हा गाडी जुनीच होती, तशीच थरथरणारी. मग पडले कसे? काकींनी पदर तोंडाला लावला. हसतायत हे मला जरा उशिरानं कळलं.

"पाखरं बघत हुते. ती गुलाबी, लांब पायाची. गाडी चाललीय बांधाला, मान पाण्याकडं. कुणाला सांगू नको म्हणले, गाव हसंल."

मी तिथंच ओट्यावर बसलो आणि हसता हसता रडलो. वर्षाचं ओझं एका वाक्यात उतरलं. आम्ही दोघंही एकमेकांना जपत गप्प बसलो म्हणून मी वर्षभर त्यांच्याकडं धड फिरकलो नाही, हे मात्र कुठल्याच पान्यानं दुरुस्त होणार नाही. ते दुःख आहे. पण ते अपराधाचं नाही, नुसतं माणूस गेल्याचं आहे. तेवढं झेपतं.

गाडी घेऊन निघालो. खोकं काकींकडंच राहू दिलं. साठपर्यंत गुणी, सत्तरला हँडल थरथरलं, आणि मी मुंग्या येऊ दिल्या. पायाला आल्या की गिअर, हाताला आल्या की हळू. भिगवणजवळ पाण्यात गुलाबी पाखरांचा थवा उभा होता. मी आधी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, स्टँड लावला, आणि मगच तिकडं मान वळवली. बराच वेळ बघत उभा होतो. हातातल्या मुंग्या तोवर गेल्या नव्हत्या.