देवीचा डावा डोळा

माझ्या चुलतीवर, हौसाकाकूवर, चोरीचा आळ घेतला गेला तो मी चौथीत असताना, चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास. राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाडीच्या देवळात, साऱ्या गावासमोर.

देवीचा चांदीचा डावा डोळा नाहीसा झाला होता. देऊळ रोज झाडायची काकू, म्हणून तिच्याच नावानं कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर निर्दोष, डावी पडली तर चोर. कापराचा धूर, शेंदराचा तेलकट वास, घामेजलेली गर्दी, आणि त्या दोन पाकळ्यांवर खिळलेल्या नजरा... दारातून शिरलेलं ऊन देवीच्या डाव्या अंगावर चढत होतं. मी उंबऱ्यापाशी बसले होते. मला स्पष्ट दिसत होतं – डावी पाकळी सुकून कडेनं वळतेय, उजवी सावलीत ओलीच आहे.

डावी पडली.

“हौसे, पायरीला हात लाव आन् शपथ घे,” पुजारीबाबा म्हणाले.

काकूनं पदर खोचला. “पायरीला कशाला? हितं लावते की.” तळवा तिनं स्वतःच्या छातीवर ठेवला. “हितली लई खाष्ट हाय बाबा, खोटं बोलू देत न्हाई. तुमची नुसतीच बघती. ती बी आता एका डोळ्यानं.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शपथ घेतली नाही म्हणजे चोरी कबूल, असं ठरलं.

त्या पावसाळ्यात भातलावणीला सारी वाडी एकमेकांच्या खाचरांत राबली. काकूला कुणी सावडीत घेतलं नाही. माझ्या बापानंसुद्धा. धुक्यात, गुडघाभर चिखलात, ओल्या रोपांच्या हिरव्या वासात ती एकटीच वाकलेली... आणि बांधावर मी. पाकळी का पडली ते मला ठाऊक होतं. माझ्याही छातीत कुणीतरी धडका मारत होतं – मी त्याचं तोंड दाबून धरलं.

दसऱ्याच्या साफसफाईत देवळामागच्या निर्माल्याच्या खड्ड्यात डोळा सापडला, पाठीला वितळलेलं मेण तसंच. ज्या उन्हानं पाकळी पाडली, त्याच उन्हानं आधी डोळा हारात पाडला होता, आणि हारासकट तो निर्माल्यात गेला होता. पुजारीबाबांनी तो धुतला, नवं मेण लावून बसवला, आरती झाली, गूळखोबरं वाटलं. काकूच्या दाराशी कोणी गेलं नाही.

आज देवळाला फरशी आहे, पंखा आहे, आणि कौलही आहे. परवा एका सुनेच्या नावानं लावत होते. मी आडवी गेले, तर म्हणे देवीचा अपमान होतो. काकू अजून खाचरात उतरते. सावडीला आता बोलावतात, तर ती जात नाही.

तुमच्याही गावात अशी एक बाई आहे. नाही म्हणू नका. छातीवर हात ठेवलात की तिचं नाव आठवेल. देवळात नंतर जा. आधी तिच्या दारात जा, आणि “आमचं चुकलं” एवढं तिच्या तोंडावर म्हणा.