बादशाहला प्रसाद कोणी दिला?

बादशाह माझ्या टेबलवर आडवा पडला होता आणि त्याच्याभोवती उभी असलेली पाच माणसं माझ्याशी खोटं बोलत होती.

मोताळ्यात माझा जनावरांचा दवाखाना आहे. आयुष्य सरकारी नोकरीत गाई-म्हशी तपासण्यात गेलं, रिटायर झाल्यावर कुत्री-मांजरंही येऊ लागली. सण झाला की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग लागते. लोक स्वतःचं पोट बिघडवतातच, वर मुक्या जनावरालाही पंगतीला बसवतात.

बादशाह म्हणजे रोहिणखेडच्या भाऊसाहेबांचा लॅब्रॅडॉर. आदल्या दिवशी त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या उठल्या, म्हणजे त्यांचं विसर्जन झालं होतं. भाऊसाहेब, त्यांची बायको, मुलगा, सून आणि म्हाताऱ्या आई, म्हणजे आक्का, असे सगळे एकाच गाडीतून आले होते. कुत्रं सकाळपासून ओकत होतं.

आधी हिस्टरी घ्यावी लागते. म्हणजे काय खाल्लं, किती, कधी. पेशंट बोलत नाही, म्हणून मालकाला विचारायचं. मालक बोलतो, हीच अडचण.

"काय खाल्लं यानं?"

"काहीच नाही, डॉक्टरसाहेब," भाऊसाहेब म्हणाले. "पोयीचा तुकडाबी नाही."

"मग उलटीत करंजी आहे ती कुठून आली? शेतात उगवली?"

सगळ्यांनी हळूच आक्कांकडे पाहिलं.

तेव्हा प्रकार लक्षात आला. महालक्ष्म्यांवर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगतात, पुढे सुक्या मेव्याच्या वाट्या ठेवतात. या घरचा नियम असा की त्यातलं काही टाकायचं नाही, बाहेर द्यायचं नाही, घरातल्यांनीच संपवायचं. आणि कुत्र्यानं देवघराचा उंबरा चढायचा नाही. दोन्ही नियम आक्कांचे.

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकेकाला आत घेतलं. मुलानं दोन करंज्या दिल्या होत्या. सुनेनं चार. "उरल्या का आक्का मलेच खायले लावतात," ती म्हणाली. भाऊसाहेबांनी तुपात बुडवलेली पुरणपोळी चारली होती. त्यांच्या बायकोनं "एवढीशी" खीर, पण दाखवताना हात पातेल्याएवढे झाले. शिकलेली, शहाणी माणसं. कुत्रं मेलं तरी चालेल, पण आक्का रागावता कामा नये!

तरी हिशेब जुळेना. करंजीनं पोट बिघडतं. हा तर पाठीला हात लावताच कळवळत होता आणि कालपासून त्यानं लघवी केली नव्हती. राहिल्या फक्त आक्का.

"मी त्याले हातबी लावत नाही," त्या आत येतानाच म्हणाल्या.

"आक्का, याची किडनी चाललीय. मला खरं कळलं नाही तर हा माझ्या टेबलवर मरेल."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मनुकाईची वाटी होती. पोरायनं काजू तेवढे वेचून नेले. टाकता येत नाही, शेजारी देता येत नाही. मंग? हा घरातलाच ना."

"वाटीभर?"

"हाव. मोठी वाटी."

मनुके आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात. कधी थोडीही पुरतात. खाल्ल्याबरोबर आणलं असतं तर मनुके ओकवून काढता आले असते. आता शिरेतून सलाइन द्यायचं आणि लघवीची वाट पाहायची. झाली तर वाचला.

"कोनाले सांगू नका," आक्का म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी वाटी परत याच्यापुढे येईल."

त्यांनी मान डोलावली, बाहेर गेल्या आणि कडाडल्या, "कुत्र्याले करंज्या काऊन चारल्या बे तुमी?" चौघंही खाली मान घालून उभे राहिले. मला इतका संताप आला की मी सलाइनची बाटली लावायला वळलो.

बादशाहला मी दवाखान्यातच ठेवून घेतलं. बाकीचे फोनवर चौकशी करत. आक्का मात्र रोज पहिल्या जीपनं येत आणि सोवळं-ओवळं विसरून फरशीवर, बादशाहचं डोकं मांडीवर घेऊन बसत. दुसऱ्या दिवशीही लघवी नाही. मी उमेद सोडत आलो होतो, पण त्यांना बोललो नाही.

तिसऱ्या दुपारी घरचे सगळे भेटायला आले असताना बादशाह हलला आणि आक्कांच्या लुगड्यातच मोकळा झाला. धार थांबेना. सून घाबरून मागे सरकली.

"मुतला!" आक्का ओरडल्या. "डॉक्टर, मुतला माहा बादशाह!" त्या रडत होत्या. मग तशाच ओल्या लुगड्यानं लेकाकडे वळून म्हणाल्या, "मनुका मीच देल्ल्या होत्या."

बादशाह वाचला.

आता सणानंतर असा पेशंट आला की मी चौकशी घरातल्या सगळ्यात कडक माणसापासून सुरू करतो. वेळ वाचतो.