माझं कार्ड, ह्यांचा खिसा

सिंगापूरला लेकीकडे पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं दोन कार्डं माझ्या हातावर ठेवली. एक माझं, एक ह्यांचं. कार्डात आधी पैसे भरून ठेवायचे. मग बस असो की मेट्रो, चढताना ते यंत्राला लावायचं, उतरताना पुन्हा लावायचं. जेवढं गेलो तेवढे पैसे आपोआप कापले जातात, सरले की पुन्हा भरायचे. मी कार्ड उलटून-पालटून बघतेय तोवर ह्यांनी हात पुढे केला आणि दोन्ही कार्डं सदऱ्याच्या खिशात टाकली. मी तडक चहा ठेवायला उठले.

आमच्याकडे हे असंच. मुखेडहून नांदेडची एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणार हे, कंडक्टर आला की "एक फुल, एक हाफ" म्हणणार हे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून मी हाफ झाले, एवढाच काय तो फरक. चाळीस वर्षांच्या संसारात माझं तिकीट माझ्या हातात कधी आलं नाही. माहेरी देगलूरला एकटी निघाले तरी हे गाडीत चढून कंडक्टरला पैसे द्यायचे, "बाईला देगलूरला उतरवा" असं बजावायचे आणि मगच खाली उतरायचे. बाईच्या जागी गाठोडं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पाट्या वाचायचं काम मात्र माझ्याकडे, कारण मी दहावी झालेली आणि हे चौथी.

पहिल्या आठवड्यात हे रोज संध्याकाळी जावयासोबत बसनं देवळात जायचे. चढताना कार्ड लावायला त्यांना फार आवडायचं. तो 'टिंग' आवाज झाला की मान डोलवायचे. पण उतरताना काही केल्या लावेनात. जावई बिचारा सासऱ्याला काय बोलणार? शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, उतरताना नाही लावलं तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे जातात." हे म्हणाले, "येकदा तिकीट फाडल्यावर उतरताना कोण इचारतंय?" एसटीत खरंच कोणी विचारत नाही, त्यामुळे मीही ते मनावर घेतलं नाही.

मग नातीच्या शाळेतला आजी-आजोबांचा कार्यक्रम आला. पाच वर्षांची पोर, तिला मी आमच्या म्हशीवर चार ओळी जुळवून शिकवल्या होत्या आणि त्या ती सगळ्यांसमोर म्हणणार होती. आदल्या दिवशी माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, तू एकदम समोर बस. मी विसरले तर तू सांग." मी तिला शब्द दिला. कार्यक्रम साडेदहाला. लेक आणि जावई दोघांनाही रजा नव्हती. लेक टॅक्सी बोलवायला निघाली तर मीच हट्टानं म्हटलं, आम्ही मेट्रोनं जातो. सातवं स्टेशन, बाहेर पडलं की समोर शाळा. त्यात काय एवढं?

स्टेशनात कंबरेएवढी काचेची फाटकं. ह्यांनी खिशातून माझं कार्ड काढून लावलं, फाटक उघडलं, मला म्हणाले, "हं, जा म्होरं." मी आत गेले. मग ह्यांनी स्वतःचं लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मागे रांग साचली. गणवेशातली एक बाई आली, कपाळावर टिकली. माझी तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरची तेलुगू आणि तिची तमिळ, निम्मं निम्मं जुळलं. ह्यांच्या कार्डात पैसेच उरले नव्हते. आठवडाभर देवळात जाऊन शेवटच्या थांब्याचे पैसे भरून आले होते हे! बाईनं कोपऱ्यातलं पैसे भरायचं यंत्र दाखवलं. तिथेही रांग होती.

"ये भायेर," हे फाटकापलीकडून म्हणाले. "पैसे भरू, मंग दोघं जाऊ."

मी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून गेले होते. मला समोरच्या रांगेतली रिकामी खुर्ची दिसायला लागली, आणि ती पोर.

"माझं कार्ड द्या," मी म्हटलं.

"यकटी जातीस? याड लागलंय का?"

"द्या म्हणते ना!"

एवढ्या मोठ्यानं मी ह्यांच्याशी चारचौघांत पहिल्यांदाच बोलले असेन. ह्यांनी काचेवरून हात लांब करून कार्ड दिलं. मी ते घेतलं आणि पातळ सावरत जिन्याकडे अक्षरशः पळाले.

गाडीत बसायला जागा होती, पण मला बसवेना. दांड्याला धरून उभी राहिले, दुसऱ्या हातात कार्ड घट्ट. प्रत्येक स्टेशनाचं नाव इंग्रजीतून वाचत होते, मोजत होते, काय आनंद झाला होता म्हणून सांगू! कोणी मला उतरवणार नव्हतं. माझी मी उतरणार होते. सातव्या स्टेशनाला उतरले, कार्ड लावलं, टिंग झालं आणि फाटक माझ्यासाठी उघडलं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

समोरची खुर्ची मिळाली. नात तिसऱ्या ओळीवर अडलीच. म्हैस तळ्यातून बाहेर येईना तिथे. तिनं माझ्याकडे बघितलं, मी ओठ हलवले, आणि तिनं उरलेलं सगळं खणखणीत म्हणून टाकलं. टाळ्या वाजवताना माझे हात दुखले.

हे आले तेव्हा कार्यक्रम संपून मुलं खाऊ खात होती. घामाघूम, मुठीत कार्ड. आधी नातीला उचलून घेतलं, तिच्याकडून चारही ओळी म्हणवून घेतल्या. मग माझ्याजवळ येऊन बसले.

"म्या यकटा आलो," हे म्हणाले. "त्या बाईनं पैसे भराया शिकवलं. बोटावर टेशनं मोजली. उतरताना लावलं बरं का."

"बरं झालं."

हे हातातलं कार्ड फिरवत राहिले.

"लई भ्याव वाटलं," म्हणाले. "तू जिन्याकडं पळालीस. येकदा मागं वळून बी न्हाई पाह्यलं."

खरंच पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस गाडी हलेपर्यंत स्टँडवर उभा राहायचा आणि मी खिडकीतून दिसेनासा होईस्तोवर त्याच्याकडे बघत राहायचे.

"पाह्यलं असतं," मी म्हटलं, "तर माझ्यानं जाणं झालं नसतं."