जोडीला कोण?

आमच्या पार्कातला आकाशपाळणा जो माणूस चालवायचा, त्याला सगळे ब्रेकमास्तर म्हणत. हे नाव ठेवलं दुरुस्तीवाल्या मिस्त्रीने, चेष्टेने. कारण मास्तर कुठलाही डबा फलाटासमोर असा अलगद आणून थांबवायचे की म्हाताऱ्या माणसालाही पाऊल उचलावं लागू नये. चेष्टेचं नाव हळूहळू मानाचं झालं. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं, आणि ते ऐकून मास्तर स्वतःच दचकायचे.

मी त्याच पाळण्याच्या तिकीटखिडकीवर बसते. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सून म्हणते, आणि सुनेला मी सहसा खोटं पाडत नाही. तेव्हा जे सांगते ते माझ्या पद्धतीने सांगते.

लोकांना वाटतं, कळ दाबली की पाळणा फिरला. तसं नसतं. एका डब्यात माणसं बसवली की चाक अर्धं फिरवून समोरच्या डब्यात तेवढ्याच वजनाची बसवायची, नाहीतर जड बाजू खाली ओढते आणि मोटर कण्हायला लागते. शिवाय एकट्या माणसाला डब्यात बसवायचं नाही, हा नियम. वर गेल्यावर कोणाच्या डोक्यात काय येईल, नेम नसतो. म्हणून मास्तर प्रत्येकाला विचारायचे, "जोडीला कोण?" कोणी नसलं की, "बाजूला थांबा." मग दुसरा एखादा एकटा आला की दोघांना एकत्र बसवून द्यायचे. अनोळखी माणसं अंग चोरून वर जायची आणि गप्पा मारत उतरायची. अशा एका जोडीचं पुढे लग्न झालं असं पार्कात बोललं जातं. ती अफवा मीच उठवलेली आहे.

हे विचारताना मास्तर कोणाच्या तोंडाकडे बघत नसत. बघायचे ती बोटं, चपला, कपड्यांची लोंबती टोकं आणि दाराची कडी. मी एकदा म्हटलं, "अहो, माणसं येतात समोर, जरा हसावं." तर म्हणाले, "तोंडाकडे बघितलं की कडी राहते, बाई." माझं बरोबर उलटं. मला तोंडं बघायची खोड. खिडकीच्या भोकातून नुसते हात दिसतात, तर मी वाकून वाकून बघते. त्याने मान धरते ती वेगळीच.

मास्तरांची खोली मी एकदाच पाहिली, ते तापाने पडले होते तेव्हा. लाँड्रीच्या वर, इस्त्रीच्या वाफेने भिंत फुगलेली. पलंग, एक खुर्ची, खुर्चीवर कपडे. कोणी येणार नाही हे धरूनच लावलेली खोली. टीव्ही चालू आणि आवाज बंद.

"आवाज का बंद केलाय?"

"आवाज दिवसभर पुरतो, बाई."

"मग चालू तरी कशाला ठेवायचा?"

"कोणीतरी हलत असतं," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी तापाच्या ग्लानीत ते मुलीविषयी बोलले. बायको लवकर गेली. मुलीला एकट्याने वाढवलं. तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, मुलगा मास्तरांना पसंत नव्हता, आणि दारात उभं राहून ते तिला म्हणाले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

आता हे वाक्य आईबापांच्या तोंडी असतंच. मी माझ्या मुलाला अधूनमधून म्हणते आणि तो संध्याकाळी जेवायला पाट मांडून बसलेला असतो. पण ही मुलगी बापाच्याच वळणाची. शब्द म्हणजे शब्द. तिने खरंच तोंड दाखवलं नाही. "तुम्हीच जा की तिच्याकडे," मी म्हटलं. मास्तर भिंतीकडे वळले. "दार मी लावलं. मी कुठल्या तोंडाने जाऊ? ती आली तर मात्र एक शब्द बोलणार नाही. नुसतं यावं तिने."

आणि ती आली. सुट्टीची दुपार, पाळण्याला ही रांग. खिडकीतून एक हात आत आला, "एक तिकीट." मी सवयीने वाकले. मास्तरांचीच हनुवटी, तेच जाड भुवयांचं कपाळ. "मावशी, पाळण्यावर अजून तेच मास्तर असतात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तेच असतात, बाळा. जा लवकर." रांग ओरडत होती, मला उठता येईना. मान मात्र तिकडेच.

ती फलाटावर चढली. मास्तर कडीशी वाकलेले. त्या गोंगाटात त्यांचे ओठ हलले, तिचे हलले. मग ती बाजूला जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, हातातलं काम उरकून बोलणार असतील. चाक भरलं, सुटलं. मास्तर वर बघत होते, ती मास्तरांकडे बघत होती. हात लांब केला असता तर लागला असता. फेरी संपेपर्यंत ती तशीच उभी होती. मग खाली उतरून माझ्या खिडकीपाशी आली.

"काय झालं गं?"

"विचारलं, जोडीला कोण. म्हटलं, कोणी नाही. म्हणाले, बाजूला थांबा, एकट्या माणसाला बसवत नाही." ती हसली, पण तिला ते जमलं नाही.

"अगं, त्यांनी बघितलंच नाही तुला! ते कोणालाच बघत नाहीत!"

"माहितीये, मावशी. मी त्यांच्याच हाताखाली वाढले." तिकीट तिच्या मुठीत चुरगळलेलं होतं. "तोंड दाखवू नकोस म्हणाले होते. तरी आज धीर करून दाखवलं. आता पुन्हा नाही होणार माझ्याच्याने."

मी "थांब, थांब" म्हणेपर्यंत ती गर्दीत शिरली. मी खिडकीची फळी पाडली, रांगेच्या शिव्या खाल्ल्या आणि फलाटाकडे धावले. गुडघ्यांना विचारायला वेळ नव्हता. "मास्तर, तुमची मुलगी! आत्ता इथे होती! तुम्ही तिला बाजूला थांबवलंत!"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे, पहिल्यांदा. चाक पुन्हा भरलेलं, वर लहान पोरं किंचाळत होती. दुसरा कोणी असता तर सगळं टाकून धावला असता. मास्तर धावले नाहीत. त्यांनी चाक थांबवलं आणि माणसं उतरवायला लागले. एक डबा इकडचा, एक समोरचा, रोजच्याच क्रमाने, कारण दुसऱ्या कुठल्या क्रमाने उतरवता येत नाही. शेवटचा माणूस उतरला तेव्हा ते पळाले. गेटाबाहेर नुसती वाहनं होती.

मग ते तिच्या सासरीही गेले. कुठल्या तोंडाने ते विचारत बसले नाहीत. दार उघडणाऱ्या बाईने सांगितलं, "ती कधीच निघून गेली इथून. कुठे राहते, आम्हाला विचारू नका." म्हणजे पोरीने फलाटावर जे सांगितलं होतं ते तिकिटापुरतं नव्हतं. तिला खरंच कोणी नव्हतं, आणि तेच सांगायला ती आली होती. मास्तर मला हे सांगताना रडले. मीही रडले. उगाच कशाला खोटं बोलू?

त्यानंतर मास्तर तोंडं बघायला लागले. प्रत्येक बाईचं, नीट. रांग रखडायची. आणि एके दिवशी एका डब्याची कडी अर्धीच बसली. चाक सुटायच्या आत त्यांनाच दिसली, कोणाला काही झालं नाही. पण त्यांनी सगळ्यांना उतरवलं आणि सरळ मॅनेजरसमोर उभे राहिले.

"माझी नजर आता कडीवर राहत नाही. मला पाळण्यावरून काढा."

मॅनेजर म्हणाला, "गेटवर तिकीट फाडायचं काम आहे. पण तुमच्यासारख्याला ते..."

"तेच द्या."

आता ते गेटवर असतात. तिकीट फाडताना माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघतात. लोकांना ते चमत्कारिक वाटतं. एका गृहस्थाने तर खडसावलं, "काय बघताय हो आमच्या बायकोकडे?" मास्तरांनी हात जोडले, पण बघायचं काही सोडलं नाही.

परवा घरी जाताना मी त्यांच्यापाशी थांबले. माझी जीभ ती, गप्प कशी बसेल? म्हटलं, "मास्तर, समजा आली. आणि तुम्हाला बघून तोंड फिरवून निघून गेली, तर?"

"फिरवू दे," मास्तर म्हणाले. "फिरवायच्या आधी दिसेल की, बाई."