सासुरवाडीपाशी बंद पडणारी गाडी

गाडी तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजमध्ये आली आणि तिसऱ्यांदाही बंद पडेना. दोन तास इंजीन चालू ठेवलं. बॉनेटला हात लावता येत नव्हता इतकं तापलं, तरी ही आपली घरघरत उभी. मोहाडीपर्यंत नेऊन आणली. काही नाही. शेवटी वैतागून लेटरहेडवर लिहून दिलं, 'इंजीन तपासले. गाडीत दोष नाही.' खाली सही ठोकली आणि मोकळा झालो.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. तुमसरला माझं गॅरेज होतं. गाडी एका ट्रस्टची, फिरत्या दवाखान्याची. जुनी पेट्रोलची व्हॅन, आत एक बाक, औषधांची पेटी आणि नर्सबाई. ड्रायव्हर सुखदेव रामटेके. तिशीतला, कमी बोलणारा, आणि टेम्पररी. त्याची तक्रार एकच. गाडी गरम झाली की बंद पडते, अर्धा तास उभी ठेवली की आपोआप चालू होते.

असं कोणी सांगितलं की मेकॅनिकच्या डोक्यात दोन-तीन नावं लगेच येतात. पहिलं कॉइल. बॅटरीच्या थोड्याशा करंटचा मोठा करंट करून ठिणगी पाडायची, हे तिचं काम. जुनी झाली की तापल्यावर ती दगा देते. ती बदलली. मग कंडेन्सर, तिचाच छोटा जोडीदार. तोही बदलला. तिसरं म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोल इंजिनाजवळच्या पाइपातच उकळतं, त्याची वाफ होते आणि पंप वाफच ओढत बसतो. त्यासाठी पाइप इंजिनापासून लांब घेतला, सुखदेवला ओलं फडकं सोबत ठेवायला सांगितलं. एवढं करूनही दवाखान्याच्या रोजच्या, आंबागडच्या वाटेवर गाडी बंद पडतच होती. माझ्यासमोर मात्र एकदाही पडली नाही. आता अशा वेळी माणूस काय म्हणतो? चालवणाऱ्याचंच काहीतरी चुकत असेल म्हणतो. मीही तेच म्हणालो, फक्त मनात.

रिपोर्ट दिल्यावर चार दिवसांनी सुखदेव घरी आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"मिस्त्री, तुमी लिहून देल्लं का गाडीत दोष नाही. मंग दोष कोनात हाये?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. आंबागडला जाताना गाडी जिथे बंद पडायची, तिथे रस्त्याला लागूनच त्याची सासुरवाडी होती. दर वेळी तिथेच, फार तर चार शेतं मागे-पुढे. ट्रस्टच्या मॅनेजरसाहेबांनी हिशेब लावला, की हा पठ्ठ्या मुद्दाम गाडी थांबवतो आणि सासऱ्याकडे पाहुणचार झोडतो. गरम-बिरम सगळी फोकनाड. त्यांना पुरावा हवा होता, तो मी सहीनिशी दिला. या महिन्यानंतर येऊ नको, असं त्यांनी सुखदेवला सांगून टाकलं होतं.

"सासऱ्याच्या दारात गाडी ढकलाले मले का मजा येते?" तो म्हणाला आणि भिंतीकडे पाहत उभा राहिला.

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. दोन लहान पोरींचा बाप. आणि मी दोन ओळी लिहून त्याची भाकरी काढून घेतली होती, तीही वैतागून. मी म्हणालो, उद्या मी तुझ्यासोबत गाडीत बसतो. गाडी बंद पडल्याशिवाय उतरत नाही.

सकाळी ट्रस्टच्या कचेरीत गेलो तर तिथे एक नवीनच कार्यक्रम दिसला. सुखदेव पंपावरून टाकी काठोकाठ भरून आला होता. शिपायानं टाकीच्या झाकणावरून फडक्याची पट्टी घेतली, स्टोव्हवर चमच्यात लाख वितळवली आणि ती पट्टीवर, झाकणाच्या कडेनं, मधोमध, हात आखडता न घेता ओतली. वर पितळी शिक्का दाबला. मॅनेजरसाहेब पूर्वी राइस मिलची गोदामं सांभाळायचे. तिथे कुलपाला असं लाखेचं सील लागतं. आधीचा ड्रायव्हर पेट्रोल विकताना सापडला, म्हणून त्यांनी टाकीलाही गोदामासारखंच सील लावायला घेतलं होतं. माझ्याकडे गाडी पाठवताना ते सील तोडून, काडी बुडवून पेट्रोल पाहून मगच पाठवायचे. पट्टी ओढली की लाखही तिच्यासोबत निघून यायची. मला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हाही मी एवढंच म्हणालो, की पेट्रोलजवळ गरम लाख आणता म्हणजे कमाल आहे बाप्पा तुमची. त्यापुढे डोकं चाललं नाही.

निघालो. सासुरवाडीचं गाव दिसू लागलं आणि गाडीनं दोन आचके देऊन मान टाकली. मला इतका आनंद झाला की नर्सबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या.

प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. निळी, खणखणीत. म्हणजे कॉइल निर्दोष. पंपावर ओलं फडकं ठेवलं, वाट पाहिली. उपयोग नाही, म्हणजे वाफही नाही. मग टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवला आणि आम्ही मेकॅनिक करतो तसं तोंडानं पेट्रोल ओढायला गेलो. पेट्रोल काही येईना. उलट पाइपच माझी जीभ आत ओढायला लागला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. नेमकं तेच लाखेखाली बुजलं होतं. टाकी रोज काठोकाठ भरायची, गाडी रोज तेवढंच पेट्रोल पिऊन तेवढ्याच अंतरावर उपाशी पडायची. त्या अंतरावर सुखदेवची सासुरवाडी होती, याला गाडी काय करणार? उभी राहिली की कुठूनतरी हळूहळू हवा शिरायची आणि ती चालू व्हायची. लोकांना वाटायचं, थंड झाली.

मी खिशातून पेचकस काढून सील तोडायला गेलो. सुखदेवनं माझं मनगट धरलं.

"तोडू नोका मिस्त्री. सील तुटलेली गाडी घेऊन गेलो तं आजच घरी बसवतीन."

पेचकस परत खिशात टाकला, पाइप पंपाला जोडला. तसेच अर्धा तास उन्हात बसलो, मग पुढे गेलो.

परतल्यावर मॅनेजरसाहेबांना गाठलं. माझा रिपोर्ट चुकला, एवढं आधी बोलून टाकलं. सीलबद्दल मात्र काही बोललो नाही. तुमच्यामुळेच बंद पडते म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंच नसतं. म्हणालो, साहेब, उद्या तुम्हीच चला. ते आले. सुखदेवला मी मागे बसवलं आणि स्टिअरिंग स्वतः धरलं. गाडी त्याच गावापाशी बंद पडली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे सुखदेवकडे.

इतक्यात एक म्हातारा पाण्याची बादली घेऊन धावत आला. सुखदेवचा सासरा. साहेबांना पाहून त्यानं बादली खाली ठेवली आणि हात जोडले.

"साहेब, तो घरी येतच नाही जी. याची सासू बलावते तरी रस्ता सोडत नाही. पानी बी इथंच उभ्यानं पेते."

मी साहेबांना टाकीपाशी नेलं. म्हणालो, सील तुमचं आहे, तुम्हीच तोडा. त्यांनी पट्टी ओढून काढली, झाकण फिरवलं, आणि टाकीनं सूंऽऽ करून एवढी हवा आत घेतली की ते एक पाऊल मागे सरकले. मी पाइप भरायला पंपाची दांडी चार वेळा हाताने मारली, सुखदेवला म्हणालो, लाव स्टार्टर. गाडी लगेच चालू झाली. कारण समजावून सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

साहेबांनी झाकण उजेडाकडे धरून ते भोक पाहिलं. माणूस वाईट नव्हता. एकदा फसला होता, एवढंच. मग म्हणाले, "रामटेके, चूक आमची झाली. उद्यापासून सील लावणं बंद."

"नाही साहेब," सुखदेव म्हणाला. "सील राहू द्या. भोक तेवढं मोकळं ठेवा. उद्या पेट्रोल कमी निघालं तं लोक म्हनतीन, सील होतं तवा बरोबर होतं."

साहेबांनी झाकण माझ्या हातात ठेवलं.

मी झाकणाला बाजूनं एक कडी डागून दिली, लाख तिथे ओतायची सोय केली. दोन महिन्यांनी सुखदेव कायम झाला. त्यानंतरही ती गाडी होती तोवर त्यानं सीलशिवाय ती गेटाबाहेर काढली नाही. शिपाई रजेवर असला तर दुसऱ्या कोणाला शोधून आणायचा, पण सील लावून घ्यायचा.

त्यानंतर कुठल्याही गिऱ्हाइकाला मी 'दोष नाही' असं लिहून दिलं नाही. 'मला दोष सापडला नाही' असं लिहायचो. त्यात मेकॅनिकची थोडी इज्जत जाते. पण जाते ती आपली जाते, दुसऱ्या कोणाची नाही.